नम्रताचा नेम

३१ मे, शनिवार

नम्रता आज टपाल खात्यातून निवृत्त झाली. तेहतीस वर्षं. खरं तर आणखी चार हातात होती. पण मी गेल्या वर्षी वर्तमानपत्रातून सुटलो तेव्हापासून तिच्या मागे लागलो होतो की तूही स्वेच्छानिवृत्ती घे, दोघं मिळून हिंडू. शेवटी ऐकलं.

निरोप समारंभ बरा झाला. सामोसे गार होते. तिनं भाषण लिहून नेलं होतं, ते मी कालच तपासून दिलं होतं. निम्मं लाल झालं. तरी उभी राहिल्यावर ती उत्तरेश्वर नावाच्या कुठल्याशा पोस्टमनची गोष्ट सांगायला लागली, जी मी कापली होती, आणि मधेच अडखळली. मी पहिल्या रांगेतून हळूच पुढचं वाक्य सांगितलं. मग त्याच्या पुढचं. शेवटी मीच उठलो आणि दोन शब्द बोललो. वीस मिनिटं. टाळ्या चांगल्या पडल्या. साहेब म्हणाले, "वहिनी भाग्यवान आहेत."

रिक्षात ती काही बोलली नाही. भारावली असावी.

१५ जून, रविवार

स्कॉटलंड ठरलं. मैत्री चार वर्षं ग्लासगोत आहे, आणि चार वर्षं "बाबा, या ना" म्हणतेय. ती पंधरवड्याची रजा काढणार, भाड्याची गाडी घेणार. आधी उत्तरेकडचे डोंगर, मग बेटं. गाडी ती चालवणार, मी रस्ता सांगणार. मला गाडी येत नाही, पण रस्ता सांगायला गाडी यावी लागत नाही.

नम्रतानं एकच प्रश्न विचारला. परतीची तारीख पुढे ढकलता येते का? मी म्हटलं, अगं, अजून निघालो नाही तर परतीची काय घाई? तिनं मान हलवली आणि एजंटला स्वतःच फोन केला.

६ जुलै, रविवार. आषाढी एकादशी

नवं संकट. चातुर्मासाचा नेम म्हणून नम्रता मौनानं जेवणार आहे. कार्तिकी एकादशीपर्यंत. ताट पुढ्यात आल्यापासून हात धुईपर्यंत शब्द नाही. चुकून बोललं तर ताटावरून उठायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. तिच्या आजीचा नेम होता म्हणे. छत्तीस वर्षांत कधी आजी आठवली नाही ती!

मी म्हटलं, "ऐन प्रवासात?"

"प्रवासात जेवायचं नसतं का?"

मौन या विषयावर मला थोडंफार सांगता येतं. संस्कृत घेऊन एम.ए. झालो ते काही रद्दीत घालायला नव्हे. वाणीचं मौन, मनाचं मौन, नुसता ढोंगी गप्पपणा, हा भेद मी समजावून सांगायला घेतला. मी दुसऱ्या मुद्द्यावर आलो तेवढ्यात तिनं साबुदाण्याची बशी पुढे ओढली आणि नेम सुरू झाला.

९ जुलै, बुधवार

राग येतोय. मुळात आमच्या घरात बोलणं होतं ते जेवतानाच. एरवी मी वाचत असतो. आता ताटावर मी एकटाच बोलतो. साधा हुंकार नाही. आज मी सांगत होतो की तिनं "मुळे" आणि "मुळं" यांत घोळ घालणं या वयात तरी थांबवावं. ती शांतपणे ताकाची वाटी प्यायली.

संध्याकाळी तिच्याबरोबर मंडईत गेलो. तिथं मौनबिन काही नाही! गोदाबाई भाजीवालीशी अर्धा तास, आणि हसून हसून डोळ्यांत पाणी. येताना कसब्यात सुगराबींकडे "पाचच मिनिटं" म्हणून शिरली. सुगराबींचा नवरा गुलजार माझ्या वह्या बांधून देतो, तेवढी आमची ओळख. या दोघींची मैत्री मात्र टपाल कचेरीच्या खिडकीपासूनची. खाली उभं राहून माझे पाय दुखले. पाऊण तासानं आली. काय एवढं बोलत होतीस, तर म्हणे, "काही नाही, असंच."

१५ जुलै, मंगळवार. ग्लासगो

पोचलो. मैत्री विमानतळावर आईच्या गळ्यात पडली. माझ्याही पडली, पण नंतर.

सामानात मेतकूट, भाजणी, दशम्या, लोणच्याच्या दोन बरण्या. मी म्हटलं होतं अडवतील. कुणी ढुंकून पाहिलं नाही. याचाही थोडा राग आला.

१७ जुलै, गुरुवार. ग्लेनको

डोंगर काय सांगावेत! सह्याद्रीसारखे अंगावर येत नाहीत. लांब बसून आपल्याकडे बघतात. हिरव्यावर तपकिरी, त्यावर ढगाची सावली सरकतेय. रस्त्याकडेला गाडी थांबवून आम्ही दशम्या खाल्ल्या. मला एक श्लोक आठवला, तो म्हटला, त्याचा अन्वय लावला, अर्थ सांगितला. मैत्री फोटो काढत होती. नम्रता जेवत होती. डोंगराकडे बघत, सावकाश, एकेक घास. मी विचारलं, "सुंदर आहे ना?" उत्तर नाही. विचारलं, "निदान मान तरी हलव." हलवली नाही.

एवढा खटाटोप करून माणूस बायकोला जगाच्या टोकाला आणतो ते भिंतीशी बोलायला?

गाडीत बसल्यावर तिनं मैत्रीला म्हटलं, "अशी जागा मी कधी पाहिली नव्हती." मैत्रीला. मी पुढच्या सीटवर होतो.

१८ जुलै, शुक्रवार

इथं सूर्य दहा वाजता मावळतो. इथल्या चिलटांना मात्र सूर्योदय-सूर्यास्त नाही, अखंड भोजन चालू असतं. मौनानं.

मैत्री म्हणाली, "बाबा, जस्ट लेट हर बी. चार महिने तर आहेत."

मी म्हटलं, "चार महिने म्हणजे साडेतीनशे जेवणं होतात, नाश्ता धरला तर."

"तुम्ही काउंट केलंत?"

"मी वार्ताहर आहे."

"वार्ताहर होतात," ती म्हणाली, आणि गिअर बदलला.

२० जुलै, रविवार. स्कायचं बेट

आज जे झालं त्यात माझी बाजू कुणी ऐकून घेत नाही म्हणून इथं लिहितोय.

काल मॅलेगहून बोटीनं गाडीसकट स्कायवर आलो. आज दिवसभर एकपदरी रस्ता. समोरून गाडी आली की एकानं कडेच्या खोबणीत थांबायचं आणि दुसऱ्यानं हात वर करून आभार मानायचे. लक्ष्मी रोडवर असं केलं तर माणसाला डॉक्टरकडे नेतील. दुपारी एका खाडीच्या वर, उतारावर, मैत्रीनं गाडी लावली. ती थकली होती. मागच्या सीटवर आडवी झाली आणि झोपली. आम्ही दोघं पंधरा-वीस पावलांवर एका दगडावर बसलो. नम्रतानं डबा उघडला. थालीपीठ, लोणी.

मी बोलत होतो. बेटांबद्दल, इथल्या लोकांबद्दल, इथून उठवून लावलेल्या शेतकऱ्यांबद्दल. चांगलं बोलत होतो. ती पाण्याकडे बघत होती. मी म्हटलं, एक शब्द बोल. मी म्हटलं, हा कसला देवधर्म, हा निव्वळ आडमुठेपणा आहे. ती घास चावत राहिली. मला गंमत सुचली. गंमतच ती. वर्तमानपत्रात आम्ही एकमेकांच्या अशा शंभर फिरक्या घेतल्या असतील.

मी उठून ओरडलो, "नम्रता! गाडी सुटली!"

ती ज्या आवाजात "मैत्री!" म्हणाली तो आवाज मी ओळखलाच नाही. पायांत चप्पल नव्हती, काढून बसली होती. तशीच धावली. गवतात पडली, उठली, परत धावली. गाडी होती तिथंच होती. मैत्री काचेआड डोळे चोळत उठून बसली.

मी हसत म्हटलं, "बोललीस की नाही!"

नम्रतानं माझ्याकडे पाहिलं. गुडघा फुटला होता. मग सावकाश चालत दगडापाशी आली, उरलेलं थालीपीठ कुस्करून पाखरांसाठी दगडावर ठेवलं, डबा धुतला. उद्याच्या सूर्योदयापर्यंत आता पाणी.

मैत्रीला कळल्यावर ती मला म्हणाली, "दॅट वॉज सिक, बाबा." आणि मग मराठीत, जे जास्त लागलं, "लाज वाटत नाही?"

पंचवीस वर्षांच्या मुलीनं बापाला असं बोलावं! मी नेम मोडायला लावला हे कबूल. पण गाडी सुटली असती तर? मी सावध केलं नसतं तर हेच लोक म्हणाले असते की सांगितलं नाहीत.

हे शेवटचं वाक्य टिकणारं नाही. राहू दे.

२१ जुलै, सोमवार

सूर्योदय पाचला झाला. सहाला तिनं चहा-बिस्किटं घेतली. मी पाहत होतो. मला वाटलं, आता संपलं. पण आता जेवण नसतानाही ती माझ्याशी बोलत नाही. मैत्रीशी बोलते, घर भाड्यानं देणाऱ्या म्हातारीशी तिच्या टपालखात्याच्या इंग्रजीत बोलते, आणि ती म्हातारी तिला हाताला धरून परसातली कोंबडी दाखवते. कोंबडीशीसुद्धा बोलली.

मी दुखावलेला माणूस आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही.

२३ जुलै, बुधवार. मलचं बेट

कालच्या बोटीनं मलवर आलो. बेटाच्या पार टोकाला एक धक्का आहे. तिथून दहा मिनिटांवर आयोना नावाचं चिमुकलं बेट. जुना मठ, पांढरी वाळू. तिथं पाहुण्यांना गाडी नेता येत नाही, माणसंच जातात.

नम्रतानं खिडकीवर जाऊन तिकीट काढलं. एक.

मी म्हटलं, "आणि आम्ही?"

"तुम्ही थांबा," ती म्हणाली. तीन दिवसांतले तिचे माझ्याशी पहिले शब्द. बोट गेली. मी धक्क्यावर उभा. मागे वळून पाहिलं नाही तिनं.

गाडीत मैत्री स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. म्हणाली, "बाबा, मी आता सांगते. नंतर मला बोलू नका की लपवलं. आईनं सोमवारी तिकीट पुढं ढकललं. सत्तावीसला ती येत नाहीये. नोव्हेंबरपर्यंत माझ्याकडं राहणार."

"आणि मला कोण सांगणार होतं?"

"तीच. मी म्हटलं आधी मी सांगते, नाहीतर तुम्ही तिला बोलूच देणार नाही."

दोन तास मी धक्क्यावर येरझाऱ्या घातल्या. तेहतीस वर्षं बातम्या आणल्या, आणि घरातली बातमी एका पार्किंगमध्ये मिळते! बोट आली, नम्रता उतरली, आणि मी तिथंच सुरुवात केली. काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. मला न विचारता, लोक काय म्हणतील, व्रताच्या नावाखाली, असं बरंच. ती ऐकत होती. मी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाली,

"झालं?"

"नाही."

"मग बोला. मी थांबते."

मी धक्क्यावरच्या बोटींच्या वेळापत्रकाकडे पाहत राहिलो. मग ती बोलली.

"माझ्या निरोपाचं भाषण तुम्ही केलंत."

"अगं, तू अडखळलीस म्हणून..."

"मी अडखळले नव्हते. मी थांबले होते. उत्तरेश्वरच्या गोष्टीत तिथं थांबायचं होतं. सगळ्यांना माहीत होतं, तोही समोर बसला होता. तुम्ही ती गोष्ट कापलीत. वाचली होतीत का?"

मी म्हटलं, अर्थात. ती म्हणाली, सांगा काय होती. मी आठवू लागलो. पोस्टमन होता. पत्र असणार.

"राहू द्या," ती म्हणाली. "ताटावर बोलले की तुम्ही दुरुस्त करता, म्हणून गप्प जेवायचं ठरवलं. तेवढे तीन-चार महिने तरी माझा घास माझा. तेही तुम्हाला चाललं नाही. माझी मुलगी पाण्यात जातेय असं सांगून मला पळवलंत, आणि हसत होतात. अहो, हसत होतात तुम्ही!"

"गंमत होती ती."

"इथं राहावं असं जूनपासून मनात होतं. धीर होत नव्हता. परवा झाला."

शेजारी एक बाई आइसक्रीम खात आमच्याकडे बघत होती. तिला मराठी येत नव्हतं, पण तिलाही बहुतेक सगळं कळलं.

मी म्हटलं, "तुझी मर्जी." दुसरं काय म्हणणार?

२७ जुलै, रविवार. विमानतळ

दोघी सोडायला आल्या. नम्रतानं औषधांचा डबा दिला, वारांप्रमाणे लावलेला. वर चिठ्ठी, कुठली गोळी कधी. चिठ्ठीत शुद्धलेखनाच्या दोन चुका. मी म्हटलं, "येतो." ती म्हणाली, "सांभाळून." आत गेल्यावर काचेतून पाहिलं तर मैत्री रडत होती आणि नम्रता तिला थोपटत होती. मला थोपटायला कुणी नव्हतं. शेजारच्या सीटवर एका सद्गृहस्थाची बॅग बसली.

२९ जुलै, मंगळवार. पुणे

घर बंद वासाचं. दूधवाला "वहिनी?" म्हणाला. मैत्रीला कामाचा ताण आहे, म्हणून थांबली, असं सांगितलं. इस्त्रीवाल्यालाही तेच. वॉचमनला तेच. वाक्य आता पाठ झालंय.

गॅलरीतल्या कुंड्या चोरीला गेल्या! सगळ्या. तुळससुद्धा. सोसायटीचा सेक्रेटरी चेतन याला खरमरीत पत्र पाठवलं. सुरक्षाव्यवस्था, बेपर्वाई, पोलीस तक्रार, सगळं घातलं. पत्र चांगलं उतरलं. वाचून दाखवायला कुणी नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

मंडईत गोदाबाई म्हणाली, "साहेब, ताई नाही तर तुम्हाला पावशेर बास." मी रागानं अर्धा किलो गवार घेतली. निवडायला दीड तास लागला.

३ ऑगस्ट, रविवार

सकाळी कसब्यात गेलो. गेल्या वर्षाची वही गुलजारकडे बांधायला दिली होती. तो खळ लावत बसला होता. वर न बघता म्हणाला, "या सुदर्शनराव. एकटेच?"

मी पाठ केलेलं म्हटलं. मैत्रीला ताण आहे, म्हणून नम्रता थांबली.

"असं?" म्हणाला.

"असं म्हणजे?"

"नाही, आमच्या सुगराला वहिनींनी जूनमध्येच सांगितलं होतं. धीर झाला तर तिकडंच राहीन थोडे दिवस, म्हणाल्या. किल्ली देऊन ठेवली होती, कुंड्या इथंच आहेत त्यांच्या. तुळस जरा मलूल होती, आता धरलीय. म्हटलं तुम्हाला माहीत असेल."

मी तिथल्या स्टुलावर बसलो. सुगराबींना जूनपासून माहीत. मैत्रीला माहीत. एजंटला माहीत. बहुधा गोदाबाईलाही. सबंध पुण्यात ही बातमी सगळ्यांत शेवटी ज्याला कळली तो माणूस वार्ताहर होता.

गुलजार कधी जास्त बोलत नाही. त्यामुळं असेल, किंवा स्टूल बुटकं होतं म्हणून असेल, मी म्हणालो, "खरं सांगू का? ती रागावलीय माझ्यावर." हे वाक्य मोठ्यांदा पहिल्यांदाच ऐकलं. ऐकायला फार वाईट होतं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, तुझी मर्जी."

त्यानं कुंचला खळीच्या भांड्यावर आडवा ठेवला. "एवढ्या लांब रागावलेलं माणूस ठेवून आलात," म्हणाला, "आणि एवढंच म्हणालात?"

वही न घेताच निघालो. असा संताप आला! पुस्तकबांधणीवाल्यानं मला विचारायचं? त्याला काय कळतं आमचं? फडके हौदापर्यंत त्याच्यावर चिडलो होतो. तिथून पुढे कुणावर चिडलो होतो ते नीट सांगता येत नाही, पण राग कमी झाला नव्हता. एका रिक्षावाल्याशी उगीच भांडलो.

घरी येऊन चेतनला दुसरं पत्र लिहिलं. कुंड्या सापडल्या, चूक माझी. दोन ओळींचं. याला जास्त वेळ लागला.

दुपारी दोनला नम्रताला फोन लावला. तिकडे सकाळचे साडेनऊ. उचलला.

"बोला," म्हणाली. रोजच्यासारखं नव्हे, परक्या माणसाला खिडकीवर म्हणतात तसं.

माझ्याकडे मुद्दे तयार होते. कागदावर लिहिलेसुद्धा होते, एक ते सहा. पहिला मुद्दा गुलजारनं काय म्हटलं त्याबद्दल, दुसरा सोसायटीत झालेल्या माझ्या फजितीबद्दल. सगळे माझेच होते. मी म्हटलं, "नाही. तू बोल."

"काय बोलू?"

"काहीही. मी मधे बोलणार नाही."

फोन तुटला की काय म्हणून मी दोनदा बघितलं. विचारलं मात्र नाही. पलीकडे कुणीतरी नळ बंद केला, खुर्ची ओढली. मग तिनं सुरुवात केली. आधी चढ्या आवाजात. मला राग आला, दोनदा तर फोन ठेवावा इतका. तिच्या काही तारखा चुकत होत्या, काही गोष्टी अशा घडल्याच नव्हत्या, किंवा मला तशा आठवत नाहीत. जीभ दाताखाली धरून बसलो. ही म्हणण्याची रीत नव्हे. खरोखर धरली होती, अजून दुखतेय.

एक तास दहा मिनिटं बोलली. शेवटी म्हणाली, "ठेवते. मैत्री उठली." आणि मग, "उद्या करा."

कधी येणार हे मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.

ती काय काय बोलली ते इथं लिहीत नाही. ते तिनं मला सांगितलंय.